पाऊस झाला, नदी आली नाही

१२ ऑगस्ट
चि. चिमणीस अ. उ. आ.
परवा इथे पाऊस झाला. लोक पंपघरात येऊन माझीच पाठ थोपटून गेले, जसा काही मीच पाडला! पण विहीर तळाला गेलीय, पंप पाण्याऐवजी हवा ओढतोय. आणि तुमच्या कार्यालयाने दुष्काळ संपल्याचं सांगितलं म्हणून टँकर बंद होणार म्हणे. तुझी वहिनी विचारते, हात धुवायला पाणी नसेल तर प्रसूतिगृहात बाळंतपणं कशी करायची? दुष्काळ मोजायचा पगार घेतेस ना बाई? मग नीट मोज.
तुझ्यावर जीव असलेला,
दादा

१८ ऑगस्ट
ती. दादास शि. सा. न.
नीटच मोजलाय रे. दुष्काळ एक नसतो. पावसाचा संपला, मातीचा ओसरतोय, पण नदीचा आणि जमिनीखालच्या पाण्याचा अजून वाढतोच आहे. मुरलेलं पाणी तिथवर पोचायला महिने लागतात. सगळे आकडे मी वेगवेगळे दिले. साहेबांनी सरासरी काढली, 'सौम्य' लिहिलं, आणि सौम्य म्हटलं की टँकर बंद. मी म्हटलं, एक भाऊ जेवला, दुसरा उपाशी, तर दोघं अर्धपोटी धरायचे का? ते हसले आणि सही करून मोकळे झाले. आता थेट नदीखोऱ्याच्या समितीकडे जाते. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. तोवर कसंही करून तग धरा.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी चिमणी

२९ ऑगस्ट
चि. चिमणीस अ. उ. आ.
टँकर बंद झाले. पंपही बंद केला, जळून गेला असता. प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. काल वहिनी एका अडलेल्या बाईला जीपमधून मोठ्या इस्पितळात घेऊन निघाली. बाई वाचली, बाळ वाटेतच गेलं. वहिनी कालपासून जेवलेली नाही. नोकरी सांभाळ, असं तुला लिहिणार होतो. आता लिहवत नाही.
दादा

६ सप्टेंबर
ती. दादास शि. सा. न.
समितीपुढे मी आधी त्या बाळाचं सांगितलं, मग आकडे मांडले. कुणी हसलं नाही. नदी-विहिरींचा दुष्काळ वेगळा धरायचं ठरलं. गुरुवारपासून टँकर सुरू होतील. मला मात्र दुसऱ्या विभागात धाडलंय, तिथे नदी नाही, नुसत्या फायली.
जिंकलो असं वहिनीला सांगू नकोस. शनिवारी मीच येते. नुसती तिच्याजवळ बसेन.
दार उघडं ठेव, एवढाच लोभ.
तुझी चिमणी