शकुनाच्या नोटा

राजापेठ, अमरावती
३ फेब्रुवारी २०२५

ती. विमलआत्यास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, हे आधीच कबूल करतो. आठ दिवस कागद समोर घेऊन बसून राहिलो, पण रोज काही ना काही निघतं. परवा पेन सापडेना. काल सापडलं, तर दोस्त पिंटूनं मोटरसायकल काढली आणि आम्ही मोर्शीला त्याच्या काकाच्या बागेत गेलो. यंदा मृगाची संत्री अशी लदली आहेत की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. येताना वाट वाकडी करून रिद्धपूरला गेलो. तिथं एक म्हातारे बाबा भेटले, पायी पार पंजाबपर्यंत जाऊन आलेले. त्यांच्याशी बोलता बोलता संध्याकाळ झाली. अशा माणसांजवळ बसलं की घरी जायचं असतं हेच मी विसरतो.

तर मुद्दा असा, की तुझं जर्मनीचं काम झालं. पासपोर्ट, पॅनकार्ड, तिकीट, तुझ्या सहीचा फॉर्म, सगळं नोटा बदलून देणाऱ्या एजंटाला दाखवलं. पासपोर्ट गोपाळकाकांच्या श्रेयसच्या हाती परत पाठवला, तो मिळाला असेल. पन्नास युरोच्या दहा नोटा आणल्या, सुखरूप आहेत.

गोपाळकाका बरे आहेत. त्यांच्याकडे माझं खाणंपिणं नीट चाललं आहे. त्यांच्या मैथिलीच्या मांजरीला तीन पिल्लं झाली, एकाचे डोळे निळे आहेत.

आहे तेवढी माया राहू दे, पुढं काहीही कळलं तरी.

तुझा,
स्वानंद

अकोला
६ फेब्रुवारी २०२५

चि. स्वानंद यास,
आत्याचे ओंजळभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले. लोकांची पत्रं कधी फोडली नाहीत, पण लिफाफा देताना माणूस नजर चुकवायला लागला की मला कळायचं. तुझ्या पत्रात संत्र्यांची बाग आहे, बाबा आहेत, मांजरीचे डोळेसुद्धा आहेत. माझ्या नोटांना एक ओळ. कावून रे बाबा?

फोन करतो म्हणशील. फोनवर तू मला दोन मिनिटांत हसवतोस आणि विषय गुंडाळून ठेवतोस, म्हणून तर तुझ्याशी पत्राचाच नियम केला आहे.

बावीस तारखेचं विमान आहे. जावई म्हणाले, पैसे आणूच नका, इथं सगळं कार्डावर होतं. मुलगा चांगला आहे. पण कपभर कॉफीसाठी मला त्यांच्या तोंडाकडे पाहायचं नाही. आणि श्रावणीच्या बाळाच्या मुठीत पहिली नोट मी ठेवणार, माझ्या पेन्शनीतली. शकुनाच्या नोटा आहेत त्या, तुला सांगितलंच होतं. सगळे म्हणाले, श्रेयसला सांग, तो बँकेत आहे. मी म्हटलं, स्वानंदला सांगणार. तू तीन नोकऱ्या सोडल्यास, कॉलेज अर्धं टाकलंस, सगळं मान्य. पण तुझ्या हाती आजवर कोणी मोठं काम दिलंच नाही, असंही मला वाटतं.

मनात धास्ती आहे. तुझे आतोबा गेल्यापासून सात वर्षांत मी एकटी बडनेऱ्यापर्यंतसुद्धा आले नाही, आणि आता एकदम विमान. निदान पैसे पर्समध्ये आले की निम्मा जीव खाली पडेल. रविवारी आणून दे. पुरणपोळी करते.

माया पत्रात साठवू नकोस, घेऊन ये.

विमलआत्या

मोर्शी
१० फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
नमस्कार लिहायला हात धजत नाही, तरी सा. न. वि. वि.

नोटा सुखरूप नाहीत. आता सगळं सांगतो, मधेच कुठं भरकटलो तर कान धर.

दोन महिने मी राजापेठेत शेषरावांच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात बसतो, हे तुला माहीत आहे. पत्रिकांच्या कोपऱ्यांना ओलं हळदकुंकू लावायचं, हे माझं काम. नोटा मिळाल्या त्या दिवशी सहाशे पत्रिकांची घाई होती. जेवणाच्या सुट्टीत नोटा काढून पाहत बसलो. पन्नासची नोट अगदी संत्र्याच्या रंगाची असते. तू शकुनाच्या म्हणाली होतीस. हळदीची वाटी समोरच होती. दहाही नोटांच्या कोपऱ्याला मी अनामिकेनं हळद लावली आणि पंख्याखाली ओळीनं वाळत घातल्या. कुंकू संपलं होतं, नाहीतर तेही लावलं असतं. मला इतकं बरं वाटलं आत्या, की आपल्या हातून एक काम नीट झालं.

दुसऱ्या दिवशी दोन नोटांची चिल्लर आणायला एजंटाकडे गेलो. त्यानं हात मागं घेतला. म्हणाला, भाऊ, हे काय करून ठेवलं? तिकडं पैशाची पेटी फोडली की आतली शाई उडून नोटा रंगतात, म्हणून रंग लागलेली नोट दिसली की आधी चोरीचा संशय येतो. परत घ्या म्हटलं, तर त्यानं हातच जोडले.

दुकानामागच्या नळावर कपड्याच्या साबणाची वडी होती. हळदीला साबण लागला की काय होतं, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लग्नघरचे हळदीचे पंचे मी स्वतः धुतलेले आहेत. पण तेव्हा डोकं कुठं गेलं होतं, कोणास ठाऊक. घासलं, आणि कोपरा लालभडक झाला, रक्तात बोट बुडवून लावल्यासारखा. तिथं थांबायचं, तर मले वाटलं नीट घासली गेली नसेल. अशा चार नोटा लाल केल्या. सहा पिवळ्या आहेत.

याच्यापुढचं सांगायची जास्त लाज वाटते. तुला सुखरूप लिहिलं. जेवताना गोपाळकाका म्हणाले, पोरगं मार्गी लागलं. त्यांनी माझं कौतुक केलं असं आठवत नाही, आणि मी मान खाली घालून दुसरी पोळी मागून घेतली. मग गाडीत चढताना खिसा कापला, अशी गोष्ट रचली. पिंटूला ऐकवून पाहिली. तो म्हणाला, जमते, पण खिसा खरंच फाडावा लागीन. मी ब्लेडसुद्धा हातात घेतलं होतं.

रविवारी अकोल्याला आलो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. तू ओट्यावर नव्या स्वेटरला बटण लावत बसली होतीस, जवळ तुझी प्रवासाची निळी पिशवी. मागच्या मागं फिरलो. आता पिंटूच्या काकाकडे संत्री निवडून राहिलो. मोठी एकीकडे, डागाळलेली एकीकडे. नोटा गोपाळकाकांच्या कपाटात माझ्या दहावीच्या वहीत आहेत. पोस्टानं नोटा पाठवू नयेत, हे तूच शिकवलंस.

मला शोधू नको. खाली नाव घालत नाही, घालायच्या लायकीचं राहिलं नाही.

अकोला
१३ फेब्रुवारी २०२५

चि. स्वानंद यास,
रागासकट आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता तव्यावरची पोळी करपली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा साबणाच्या जागी हसू आलं, आणि ब्लेडच्या जागी गेलं. राग आहेच, पण नोटांचा कमी. गल्लीपर्यंत येऊन तू परत गेलास, त्याचा जास्त. पुरण शेजारी वाटावं लागलं.

आता माझं ऐक. तुझ्यावर भरवसा म्हणून काम दिलं, हे मी लिहिलं ते अर्धंच खरं. आधी नोटा आणायला मी स्वतः गेले होते. खिडकीतल्या मुलीनं इंग्रजी फॉर्म पुढं सरकवला. एकतीस वर्षं मी लोकांचे मनीऑर्डरचे फॉर्म भरून दिले, अंगठेवाल्यांवर वैतागले, आणि त्या दिवशी माझाच हात चालेना. मागं रांग होती. चष्मा घरी राहिला, असं सांगून बाहेर आले. चष्मा नाकावरच होता. मग तुला बोलावलं, तू फॉर्म भरलास, मी नुसती सही केली. हे श्रावणीलाही ठाऊक नाही.

तिला नोटांचं सगळं सांगितलं. तिनं चौकशी केली. तिथल्या मोठ्या बँकेत डागाळलेल्या नोटा बदलून मिळू शकतात, पण डाग कसा पडला ते सहीनिशी लिहून द्यावं लागतं. ती म्हणते, तुझं पत्रच ती जर्मनमध्ये करून लावेल, याहून खरं कोण लिहिणार? फक्त तुझ्या पत्राखाली सही नाही. बिनसहीचा कागद कुठल्याच खिडकीत चालत नाही, बाळा. पूर्ण नाव पाहिजे, वडिलांच्या नावासकट. पत्र माझ्यापाशी आहे. ये आणि सही कर. आता दिवस थोडे उरले आहेत.

माझा लोभ कमी झालेला नाही, उगाच हिशेब लावत बसू नकोस.

विमलआत्या

मोर्शी
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळून तीन दिवस झाले. निघायचं म्हणून दोनदा आंघोळ करून कपडे घातले, आणि दोन्हीदा परत संत्र्यांच्या ढिगाशी येऊन बसलो. इथं एक देवमन म्हणून आजोबा आहेत, ते फळ हातात घेऊन आत किती फोडी आहेत ते सांगतात, आणि तेवढ्याच निघतात. पण ते जाऊ दे, पुन्हा भरकटलो.

आत्या, माझ्याच्यानं नाही होत. तिकडच्या साहेबानं साबण वाचायचा, ब्लेड वाचायचं, दुसरी पोळी वाचायची, आणि खाली माझं नाव, आपल्या घराण्याचं. नुसती वरणाची वाटी सांडली असं लिहून दिलं तर नाही का चालणार? तेवढ्यावर मी लगेच सही करतो. तू चष्म्याचं मला लिहिलंस, ते वाचून मला रडू आलं. पण ते तू घरातल्या घरात लिहिलंस. खिडकीवर नाही. श्रेयसला घेऊन जा, तो काहीतरी मार्ग काढेल. मी इथंच

मधेच थांबलो होतो. बाहेर पिंटूचा काका कोणासाठी तरी खुर्ची मागून राहिला. दारातून पाहिलं, तर यष्टी आत्ताच फाट्यावर थांबून गेली आहे, आणि ढिगांच्या मधल्या वाटेनं एक बाई पदर खोचून येऊन राहिली. मागंपुढं कोणी नाही. श्रेयस नाही, गोपाळकाका नाहीत. खांद्याला निळी पिशवी, काखेत माझी दहावीची वही. देवमन आजोबांना तिनं काही विचारलं, त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

आत्या, तू आलीस. आता हातात माझं ते पत्र धरून उभी आहेस, आणि पेन कुठं आहे म्हणून विचारते आहेस. पेन माझ्या हातातच आहे. आधी या पत्राखाली करून पाहतो.

स्वानंद दिगंबर पांढरीपांडे