कारकुनाची बाजू

प्लेनो, टेक्सस
१४ ऑक्टोबर २००६

ती. मालूताई,

इथूनच वाकून नमस्कार. गुडघ्याला तेल लावतेस ना रोज? नागपुरात थंडीची चाहूल लागली असेल.

इकडे सगळे मजेत. परीक्षित-स्वानंदी ऑफिसात गुंग. आणि हसू नकोस, तुझी बहीण लायब्ररीच्या बुक क्लबात जाते! स्वानंदीनंच नाव घातलं. सूनबाईंपुढे माझं काही चालत नाही.

पहिलीच कादंबरी जुन्या जपानातली. नागासाकीला एका चिमुकल्या बेटावर डच व्यापारी राहायचे. साखर, कापड विकायचं, तांबं न्यायचं, पण परवानगीशिवाय पूल ओलांडून गावात पाऊल टाकायचं नाही. डिक्शनरी घेऊन बसले, पण संपवली हो! शेवटी त्यातल्या कारकुनाला हॉलंडला परतायचं जहाज मिळतं, आणि हा पठ्ठ्या आणखी एक वर्ष मागून घेतो.

मीटिंगमध्ये कॅरल नावाच्या बाई तावातावानं म्हणाल्या, "वेडाच आहे! घरचे वाट बघतायत आणि हा तिथे कैद्यासारखा राहतो?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडून एकदम निघालं, "नो, नो! तिथला जपानी दुभाष्या त्याचा फ्रेंड झालाय. ही लाफ्स देअर!"

सगळे माझ्याकडे वळले. मग कॅरल हळूच म्हणाल्या, "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं." तेव्हापासून त्याच मला गाडीतून नेतात. माझा चिवडा खाऊन नाक पुसतात आणि पुन्हा वाटी पुढे करतात.

त्या दिवशी स्वानंदी न्यायला आली होती; परतताना तिला हे सगळं सांगितलं, तर तिनं विचारलं, "आई, तुम्ही हसता का हो इथे?"

"हसते की," म्हटलं, आणि माझं मलाच नवल वाटलं.

"मग राहा ना."

ताई, तू माझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीस. फोनवर किती हौसेनं सांगत होतीस, आणि मी आपली हवापाण्याचं बोलत बसले. धीरच झाला नाही. हे गेल्यावर आपण दोघींनी एकत्र राहायचं ठरवलं होतं, ते मी विसरलेले नाही. पण डिसेंबरचं तिकीट कॅन्सल केलंय. उन्हाळ्यात येईन, महिनाभर राहीन, आणि परत इकडे येईन.

हवं तेवढं रागव, फोन करून भांड. फक्त अबोला धरू नकोस.

इथे रमलेली, तरीही तुझीच,
शरयू