वाढत्या अंगाचा दस्ता

भिंगार,
रविवार, देवळातून आल्यावर

प्रिय कृपादान भाऊजींना मरियावहिनीचा सलाम. तुमची कंबर आता कशी आहे? वाकून रंधा मारू नका म्हणून मागेही लिहिलं होतं (तुम्ही ऐकणारे नाहीत, तुमचे भाऊही नव्हते). आम्ही मायलेकी प्रभूच्या कृपेनं बऱ्या आहोत. हे गेल्यापासून घरात बोलणं कमी आणि वाचणं जास्त झालंय.

सिल्व्हिया ह्यांच्याच क्लबात रायफलची नेमबाजी शिकते. पुढच्या महिन्यात पुण्याला स्पर्धा आहे. क्लबाच्या रायफलीचा लाकडी दस्ता तिला मोठा पडतो, म्हणून सचिनसरांनी तिच्या मापाचा करून घ्यायला सांगितलं. मी वाचनालयातून पुस्तक आणलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. दस्ता खांद्याला टेकवून गाल लाकडावर ठेवला, की डोळा आपसूक नेमाच्या छिद्रासमोर यावा. मान ताणावी लागली तर दस्ता चुकला. लाकडानं माणसाच्या मापाचं व्हावं, माणसानं लाकडाच्या नाही. (हे लग्नाआधी वाचायला हवं होतं, असं मी ह्यांना मुद्दाम ऐकवलं असतं. आता कुणाला ऐकवू?)

इतकं सगळं समजून मी सुताराकडे गेले आणि जन्मभर फ्रॉक शिवलेल्या बाईनं करायचं तेच केलं. पोर वाढत्या अंगाची, म्हणून दस्ता चांगला चार बोटं लांब सांगितला. दोन वर्षं तरी पुरावा!

क्लबात तिनं तो खांद्याला लावला आणि मान अशी पुढे काढली की सर म्हणाले, "मावशी, ही नेम धरती का इहिरीत डोकावती?"

मी म्हटलं, "अंगानं भरंल की ती."

"व्हय, पन स्पर्धा पुढच्या महिन्यात हाय. तवर किती वाढनार?"

सिल्व्हिया एवढंच म्हणाली, "मम्मी, हा नाताळचा फ्रॉक न्हाई." मग घरापर्यंत माझ्या दहा पावलं पुढे चालली. बापाचंच ते पुढे चालणं, मला सोसत नाही.

सुतार तो दस्ता कापायला गेला, तर लाकूड ओलं निघालं, उभं तडकलं. वाळलेलं लाकूड कसं ओळखावं हे सांगणारा माणूस घरात होता, तेव्हा मी त्याच्या लाकडाच्या गप्पांना कंटाळायचे.

सर म्हणाले, ह्यांचा जुना दस्ता त्याच रायफलीला बसेल, तो आणा. अक्रोडाचा, तुम्हीच घडवून दिला होता तो. पण त्याला वाळवी लागली. तेव्हा वाळलेलं लाकूड बघून तुम्हीच एक नवा घडवावा, ही विनंती.

तुमची वहिनी
मरिया

ता. क. महिन्याभरात नवा दस्ता होत नाही, हे सुताराच्या घरात नांदलेल्या बाईला कळतं.

ता. क. २. वाळवी लागलेली नाही. लागल्याचं मी सरांना आणि पोरीला खोटंच सांगितलंय. दस्ता कपाटात ह्यांच्या स्वेटरात गुंडाळलेला आहे. ह्यांचे हात लांब, म्हणून तिच्यासाठी तो मागून कापावाच लागेल, आणि परक्या सुताराच्या हाती तो माझ्याच्यानं देववत नाही. शनिवारी करवत घेऊन या. मी तेव्हा बाजारात असेन. गालाच्या जागी लाकूड काळं झालंय, तिथं रंधा लावू नका. गाल पोरीनं बापाचाच घेतलाय.

ता. क. ३. कापलेला तुकडा चुलीत टाकू नका, मला द्या. पोरीनं विचारलंच, तर तेवढाच वाळवीनं खाल्ला होता म्हणून सांगा.