दादाची पाती

२ एप्रिल
दादा गेल्यापासून इथेच, त्याच्या गावच्या घरी राहतो आहे. मी सावरलो आहे. कालपासून तर पूर्णच.

आज जेवताना वहिनी म्हणाल्या, ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर विकून टाकते, जुनी यंत्रं विकत घेणारा तो मिशीवाला घ्यायला तयार आहे. रोटाव्हेटरची पाती झिजली आहेत, आणि वीस तारखेला रोपवाटिकेतून रोपं येणार. तोवर शेत तयार नसेल तर रोपं काय माळ्यावर लावायची? पुतणी म्हणाली, ट्रॅक्टर मी चालवते, पण मशीन दुरुस्त कोण करणार? त्यावर कोणीतरी म्हणालं, मी करतो. आवाज माझाच होता.

वीस तारखेपर्यंत मुदत मिळाली. नाही जमलं तर दोन्ही मिशीवाल्याकडे. मी एकच अट घातली. पाती नवीन आणायची नाहीत, हीच दुरुस्त करायची. दादाने स्वतःच्या हाताने बसवलेली आहेत. त्याचे कपडे वाटून झाले, फोन पुतणीकडे गेला, चष्मासुद्धा कोणाला तरी लागला. आता त्याच्या हातचं एवढंच उरलं आहे.

वहिनींनी माझ्या ताटात भाजी वाढली. मला नको होती, पण खाल्ली.

३ एप्रिल, सकाळ
रोटाव्हेटरखाली पहिल्यांदाच डोकं घातलं. एक आडवा दांडा, त्यावर वाकडी वाकडी पाती. दांडा फिरला की पाती माती उकरून भुसभुशीत करतात. संपलं. यासाठी लोक मेकॅनिकला बोलावतात!

निश्चय: रोज पहाटे पाच वाजता उठून काम. दुपारी वाचन.

४ एप्रिल
आठला उठलो. बोल्ट गंजले आहेत, त्यांना रात्रभर तेल पाजलं होतं. पहाटे उठवून उपयोग नव्हता.

पाना निसटला. अंगठा काळानिळा. पुतणी म्हणाली, काका, पाना उलटा धरलाय. मी म्हणालो, पद्धती वेगवेगळ्या असतात.

६ एप्रिल
सगळी पाती सुटली. सगळी मी सोडवली. शेवटची सोडून बाकीची पुतणीने.

पाती दोन जातींची निघाली. काही डावीकडे वळलेली, काही उजवीकडे. सगळी एकाच घमेल्यात टाकली. पुतणीने विचारलं, कुठलं पातं कुठे होतं, खूण केलीत ना? मी सांगितलं, डोक्यात आहे. ती म्हणाली, मग सांगा, हे कुठलं? मी म्हणालो, आत्ता डोक्यात गर्दी आहे.

७ एप्रिल
पाती वेल्डरकडे नेली. त्याने एक उचलून बघितलं आणि म्हणाला, साहेब, हे पातं नाही, चमचा झालाय. फेका. मी शांतपणे सांगितलं की धारेवर वेल्डिंगचा थर चढवून पुन्हा मूळ आकार द्यावा. तो म्हणाला, थर चढेल हो, पण पातं ठिसूळ होईल, दगड लागला की काडकन जाईल. पातं वर्ष-दोन वर्षं वापरायचं असतं, सात पिढ्या सांभाळायचं नसतं.

मी त्याला धातूंविषयी थोडं समजावलं. त्याने ऐकून घेतलं, मग विचारलं, साहेब काम काय करता? म्हटलं, ऑफिसात जुने नकाशे सांभाळतो. तो म्हणाला, मग बरोबर.

माझं म्हणणं त्याला पटलं. काम घेतलं त्याने.

११ एप्रिल
पाती आली. प्रत्येकाच्या धारेवर वेल्डिंगचा जाड, खडबडीत पट्टा. दादा बघायला हवा होता. म्हणजे, असं कोणीही म्हणेल. मी सहज लिहिलं.

बसवायला घेतली. आधीची मांडणी आठवेना, म्हणून स्वतः डोकं लावलं. डावीकडे वळलेली सगळी दांड्याच्या डाव्या अर्ध्यावर, उजवीकडे वळलेली सगळी उजव्या अर्ध्यावर. फारच शिस्तशीर दिसतं. कंपनीला हे कसं सुचलं नाही?

पाच वाजता उठायचा निश्चय सोमवारपासून.

१३ एप्रिल
पहिली चाचणी. पुतणी ट्रॅक्टरवर, मी बांधावर, वहिनी दारात.

सुरुवात उत्तम झाली. नंतर रोटाव्हेटर थोडा नाचला. पुतणीच्या म्हणण्याप्रमाणे थोडा नाही, तिचे दात वाजत होते. माती सारखी पसरण्याऐवजी दोन्ही बाजूंना फेकली गेली आणि मधोमध लांबलचक खड्डा पडला.

वहिनी चालत आल्या, खड्ड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, भाऊजी, यात रोपं लावायची की माणसं पुरायची?

बोलून झाल्यावर त्यांनाच कळलं, आपण काय बोललो ते. मग वहिनी हसायला लागल्या. ट्रॅक्टरच्या चाकाला धरून हसत होत्या. दादा गेल्यापासून त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पुतणीही हसली. मी गिअरबॉक्सचं ऑइल तपासलं. बराच वेळ तपासलं.

एकंदरीत चाचणी यशस्वी.

१४ एप्रिल
पुतणीने फोनवर चित्र शोधून दाखवलं. दांड्यावरच्या प्रत्येक चकतीवर डावी आणि उजवी पाती मिसळून बसवायची असतात. मी म्हणालो, माझ्याही मनात तेच होतं. ती म्हणाली, काका, तुमचं मन एकदा सर्व्हिसिंगला टाका. अगदी बापावर गेली आहे.

सोमवार होता. साडेसातला उठलो. प्रगती आहे.

१६ एप्रिल
दुसरी चाचणी. मिशीवाला आधीच येऊन बांधावर स्कूटर लावून तिच्यावर बसलेला. हसत होता. वहिनींना म्हणाला, ताई, भंगार व्हायच्या आत देऊन टाका.

पहिल्या पट्ट्यात माती अशी झाली की तिच्यावर झोपावं. मी मिशीवाल्याकडे पाहिलं. तेवढ्यात काडकन आवाज. दगड. मग आणखी एक काडकन. मग मोजलं नाही.

तुटलेलं एक पातं हवेत उडालं आणि मिशीवाल्याच्या स्कूटरच्या सीटमध्ये मधोमध उभं रुतलं. तो नुकताच उतरला होता म्हणून बरं. वहिनींनी त्याला पाणी दिलं, सीट भरून देते म्हणाल्या. तो म्हणाला, काही नको, मला ते मशीनही नको. स्कूटर उभ्याने चालवत घरी गेला.

म्हणजे सौदा मोडला. माझं अर्धं उद्दिष्ट साध्य. फक्त पाती उरली नाहीत.

संध्याकाळी शेतात फिरून तुकडे वेचले. एका पोत्यात भरले.

१९ एप्रिल
वहिनी आणि पुतणी नवीन पाती घेऊन आल्या. मला विचारलं नाही. सकाळी दोघींनी बसवली, दुपारी शेत तयार. मी पाना देण्याचं काम पाहिलं. बहुतेक वेळा बरोबर पाना दिला.

वहिनी म्हणाल्या, मशीन विकत नाही आता. छान बातमी. मी आत जाऊन थोडा पडलो. नवीन पाती फार चकाकतात, डोळ्यांना त्रास होतो.

२० एप्रिल
रोपं आली. लावली. कंबर गेली.

२४ एप्रिल, दुपार
पोतं माझ्या खोलीत, पलंगाशेजारी. काल रात्री पाय आपटला. वहिनी म्हणाल्या, भंगारवाला येणार आहे, देऊ का? मी म्हणालो, द्या की. लोखंडच तर आहे. स्वतः उचलून दाराशी ठेवलं आणि झोपायला गेलो. माणसाने असं मोकळं व्हावं.

२४ एप्रिल, संध्याकाळ
उठून पाहतो तर पोतं नाही.

जरा फिरून येतो म्हणालो आणि भंगाराच्या दुकानापर्यंत पळत गेलो. पायात वहिनींच्या चपला होत्या हे तिथे कळलं. भंगारवाला अजून फेरीवर होता. दुकानात बसलेला पोऱ्या म्हणाला, पाती तिकडे कोपऱ्यात, तुमची कुठली ती बघा. ढीग होता. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. मी डोळे मिटून एकेक पातं हातात घेतलं. दादाचं पातं हाताला लगेच कळतं. पोऱ्याने विचारलं, कसं ओळखता? मी म्हणालो, घरचं माणूस ओळखायला काय लागतं?

तिथल्याच एका पोत्यात भरली आणि पोतं खांद्यावर मारून घरी आलो. अंगणात ओतलं. सांगूनच टाकलं दोघींना, हे मी देऊ शकत नाही. आवाज जरा चिरकला, ओझ्यामुळे.

पुतणीने एक पातं उचललं. उलटंपालटं केलं. मग दुसरं. म्हणाली, काका, आपण वेल्डिंग करून घेतलं होतं ना? यांच्यावर कुठंय?

मी म्हणालो, झिजलं असेल. ती म्हणाली, दुपारपासून? आणि आपली तर तुटली होती. ही सगळी अख्खी आहेत.

मी पात्यांकडे बघत राहिलो. खरंच अख्खी होती.

वहिनी आत गेल्या. त्यांच्या पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. आमचं पोतं घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, दारापर्यंत नेलं होतं हो. त्याने वजनकाटासुद्धा लावला. मग मीच त्याला जुनी बादली दिली आणि परत पाठवलं.

मग त्या पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, चपला काढा माझ्या.

आता घरात दोन पोती आहेत. एक दादाचं. दुसरंही कोणाच्या तरी दादाचं असणार, ते उद्या सकाळी परत नेऊन द्यायला हवं. आठनंतर.