नर्सची तिसरी हाक

मंगळवार, दिवेलागण, २००४

भुतांच्या गेमचा नवा भाग आज संपवला. याच्यात पहिल्या भागाच्या आधीची गोष्ट आहे. तिथंच घोळ झाला. नर्स मरणार, हे पहिल्या भागातच कळल्तं, मंग भीती कशाची? बंदुकीच्या गोळ्याही ढिगानं मिळतात. पण आवाज! आवाज बिलकुल खरा. बंद दाराआडून नर्स हाक मारते. मी दार उघडलं न्हाई. आई म्हणते, भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी आल्याशिवाय ओ देऊ नये. तिसरी आलीच न्हाई. नर्स मेली.

दादा खो खो हसला. "येड्या पम्या, ती जित्ती बाई होती! तिला काय माहीत आपली तिसरी हाक?" आन् गाडी काढून एमआयडीसीत कामाला गेला.

आत्ता बाहेरून त्याच्याच आवाजात हाक आली. "पम्या!" थोडं थांबून परत, "पम्या!"

गाडीचा आवाज मात्र आला न्हाई. दादा तर गल्लीच्या तोंडापासूनच हॉर्न वाजवत येतो. भास झाला का? का गाडीवरून पडलाबिडला, आन् पायी आलाय?

तिसरीची वाट पाहून राह्यलो.

त्या नर्सनंही दोनदाच मारल्ती.