लाल आणि हिरव्या लडी

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निवृत्त झालीस तरी मास्तरीण ती मास्तरीणच, म्हणून हे काम तुझ्याकडे. नातीनं शाळेत चित्रातलं सगळं गवत तांबडं रंगवलं. बाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, पोरीला लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत, आणि हा दोष जन्मजात, आईबापांकडून येणारा आहे.

आता तीन पिढ्या सूत रंगवणाऱ्या घरात हा दोष आमचा असेल का? सूनबाईंचं माहेर भाजीपाला पिकवणारं, त्यांना रंगाचं काय सोयरसुतक! आणि ही बाई अकरा वर्षं आमच्या रंगखोलीत चिरंजिवांच्या शेजारी ठाण मांडून बसली होती. मी मायलेकींना माहेरी धाडून दिलंय, परत आणायचा विचार नाही. चिरंजीव खाली मान घालून उभे होते.

दोष आईकडून आला, असं तुझ्या पद्धतीनं आकृती काढून, सही करून पाठव. व्याह्यांच्या तोंडावर फेकतो.

तब्येतीला जप, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वाटलं, तुला जीवशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर झोपू दिलं ही त्या गुरुजींची मोठीच चूक. आठवीतल्या मठ्ठ मुलींनाही मी हे एका तासात शिकवलंय. तुझ्यासाठी आणखी सोपं करते.

बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, पुरुषाच्या एक एक्स आणि एक वाय. तुझ्या नातीचा दोष एक्सवर बसतो. मुलाकडे एक्स एकच, तो बिघडलेला असला की संपलं. मुलीकडे दोन असतात, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. म्हणजे मुलीत दोष दिसायला दोन्ही बिघडलेले हवेत. त्यातला एक आईनं दिला, कबूल. दुसरा कुणी दिला, कारखान्यातल्या मुकादमानं? बापानं दिला. आणि बापाकडे एक्स असतो एकच. तेव्हा तुझ्या चिरंजिवांनाही लाल-हिरवं कळत नाही, हे मी इथे खुर्चीत बसून सांगते. सूनबाईची नजर मात्र बहुधा चांगली असणार, तिचा दुसरा एक्स धड असेल तर.

घराण्याची फुशारकी मारतोस म्हणून तेही सांगते. मुलाला तू दिलास फक्त वाय. त्याचा एक्स तुझ्या बायकोकडून आला. तीन पिढ्यांची तुझी नजर त्याच्यापर्यंत पोचणारच नव्हती.

आकृती मागच्या बाजूला काढली आहे, सहीसुद्धा केली आहे. खुशाल फेक. मुलीला आणि सूनबाईला घेऊन ये, आणि तोवर माझ्याकडून आशीर्वादापलीकडे काही मागू नकोस.

तुझी,
ताई

१७ जून

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मामंजींनी पंगतीत मोठ्यानं वाचलं, तुमची टिंगल करायला. हे ताटावरून उठले, असं ह्यांनी मला कळवलं. तुम्ही खुर्चीत बसून जे शोधलंत ते मला लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात कळलं होतं, त्याला गुणसूत्रं लागली नाहीत. माझे वडील पिकलेला टोमॅटो दाबून ओळखतात, रंगानं नाही. आमचे हे सुताच्या लडी हातात घेऊन तसेच चाचपडायचे. मी लडीच्या टोकाला गाठी मारायला लागले, एक म्हणजे लाल, दोन म्हणजे हिरवी. छटा जुळवताना मी नुसतं खाकरले की हे हात थांबवायचे. अकरा वर्षं मामंजी ह्यांच्या नजरेची तारीफ करत आले.

तुमचं शास्त्र खरं आहे, पण ते लिहिताना ह्यांचं काय होईल हे तुमच्या डोक्यातही आलं नाही. तुम्हाला भावाला हरवायचं होतं. मामंजींना आकृती समजलेली नाही आणि तुमचं म्हणणं पटलेलंही नाही, तेव्हा कृपा करून पुन्हा समजावू नका. दोष माझ्या माहेरचा, एवढंच राहू द्या. निम्मं खरंच आहे. मी इथे राहीन, पण ह्यांना कारखान्यातून उठवलं तर हे खचतील.

राग धरू नका. धरलात तरी माझ्या मुलीला आशीर्वाद द्या.

आपली,
भाच्याची बायको

२८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं शास्त्र बरोबर निघालं म्हणून शेफारू नकोस.

गेल्या आठवड्यात दोनशे लडी हिरव्या करायच्या होत्या, विटकरी उतरल्या. मी रंगवाल्या व्यापाऱ्याला शिव्या घातल्या. दुसरा घाणाही तसाच निघाला. तेव्हा मुकादमानं धीर करून सांगितलं की सूनबाई गेल्यापासून लडींना गाठी नसतात. मला त्यातलं काही कळलं नाही, पण तुझी आकृती आठवली. मी एक लाल आणि एक हिरवी लडी घेऊन रंगखोलीत गेलो आणि चिरंजिवांना हिरवी कुठली ते विचारलं. त्यानं दोन्ही हातात घेतल्या, टोकं चाचपली, आणि तशाच परत माझ्या हातात ठेवल्या.

मी संतापलो. अकरा वर्षं बापाला फसवलंस, बायकोच्या पदराआड लपलास, बोलायला काय झालं होतं, असं बरंच बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की आठ वर्षांच्या पोरीला तुम्ही घराबाहेर काढलंत, मी तिच्याच वयाचा असताना सांगितलं असतं तर मला कुठे धाडलं असतंत.

ताई, मी त्या दोन लडी घेऊन रंगखोलीतून बाहेर आलो. तो आज सकाळी सासुरवाडीला गेला. सोबत या असं मला म्हणाला नाही.

तुझा,
धाकटा