आजोबांच्या शाळेचा पुरावा

ईट, १७ जून, मंगळवार

अजून डोकं तापलेलंच आहे. तो कारकून हसला कशाला?

सोनाली माझी विद्यार्थिनी, गावाबाहेरच्या पारधी वस्तीवरची. बारावी झालेली त्या वस्तीतली पहिलीच पोरगी. आज तिला बी.एस्सी.च्या प्रवेशासाठी धाराशिवच्या कॉलेजात घेऊन गेले. तिच्याकडं जातीचा दाखला नाही, कारण त्यासाठी आजोबांच्या शाळेचा पुरावा मागतात. आजोबा जन्मभर पालं घेऊन गावोगाव फिरले. त्यांना शाळेत कोण बसू देणार होतं? एवढं सांगितलं तर खिडकीतला तो कारकून हसला. म्हणाला, "मग ही इथलीच कशावरून?"

सोनाली शांतपणे म्हणाली, "सर, कुठं चोरी झाली की पोलीस सरळ आमच्याच पालावर येतेत. तवा कुणी पुरावा मागत न्हाय."

तरी तो हसतच राहिला. मग मात्र मी ओरडले. काय काय बोलले ते आता आठवतही नाही. आवाज ऐकून प्राचार्य बाहेर आले आणि दाखला नंतर आणून द्यायच्या बोलीवर त्यांनी प्रवेश दिला. म्हणजे हे आधीच होण्यासारखं होतं! मग ते हसणं कशासाठी?

मला वाटलं, पोरगी खूश असेल. एसटी स्टँडवर ती हळूच म्हणाली, "मॅडम, पुन्हा तिथं ओरडू नका. तुमी ईटला निघून जाल. मला तीन वर्षं त्याच खिडकीवर जायचंय."